मधोमध लावलेली खूण

नणंदेचा घोटा सकाळपर्यंत असा काही सुजला होता की त्यावर मोजा चढेना. हॉटेलच्या खोलीत खिडकीशी एकच खुर्ची होती. तिच्यावर बसून तिने पाय पलंगावर ठेवला होता, घोट्यावर ओल्या टॉवेलात गुंडाळलेला बर्फ होता, आणि चेहरा असा की आता ही सांगेल ते ऐकावंच लागणार.

"वहिनी, तूच जा," ती म्हणाली.

वहिनी केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून दाराशी उभी होती. पण ती नणंदेबरोबर निघायला उभी होती. एकटीने निघायला नव्हे.

"मी? वन्सं, मला या लिफ्टमधलं कुठलं बटण दाबायचं ते कळत नाही."

"शून्य. काल सांगितलं होतं."

"काल तुम्ही दाबलं होतं."

दोघी वयाने जवळपास सारख्याच. पण वहिनीच्या तोंडी लग्नाच्या दिवशी जे 'वन्सं, तुम्ही' आलं ते तिथेच मुक्कामाला राहिलं, आणि नणंदेने दुसऱ्याच दिवशी 'अगं वहिनी' सुरू केलं. तेव्हापासून एक मानाने भांडते आणि दुसरी हक्काने.

"टॅक्सी बोलवू का?" वहिनीने विचारलं. टॅक्सीत निदान दुसरं कुणीतरी चालवतं, एवढाच तिचा हिशोब.

"विद्यापीठाच्या बाजूचे सगळे रस्ते आज गाड्यांना बंद आहेत. खाली काउंटरवरच्या माणसाने काल बजावून सांगितलंय. ट्रामनेच जायचं." नणंदेने उठायचा एक प्रयत्न केला, "आई गं!" म्हणून परत बसली, आणि काल ट्रामच्या पायरीवरून नेमकं याच पायावर उतरायची आपल्याला काय गरज होती, असं स्वतःलाच पुटपुटली. "वहिनी, हे बघ. दोघींपैकी एकीने तरी तिथे असलं पाहिजे. आणि आई तू आहेस."

वहिनीने पर्स उचलली.

लेकीला आज डॉक्टरेट मिळायची होती. मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांवर तिने इतकी वर्षं काम केलं होतं की आईच्या मनात आता परदेश म्हणजे काचेच्या बशीत ठेवलेली चिमूटभर माती, असंच चित्र झालं होतं. वहिनी आणि तिचा नवरा मिळून शिवणाचं दुकान चालवत. तो कापायचा, ती शिवायची. शाळा उघडायचे दिवस असल्यामुळे गणवेशांचा ढीग पडला होता, म्हणून तो घरी राहिला होता. लेक त्याच दुकानात, कापायच्या टेबलाखाली चिंध्यांवर बसून वाचायला शिकली होती. काल संध्याकाळी ती हॉटेलवर आली तेव्हा तिच्या ड्रेसची खालची दुमड उसवलेली वहिनीने पाहिली आणि बोलता बोलता घालून दिली. तिच्याकडे दोरा एकच, गणवेशाचा गडद निळा. आणि शेवटी गाठ न मारता तिची ती नेहमीची बारीक फुली.

"आई, ड्रेस हिरवा आहे गं," लेक म्हणाली होती.

"आतल्या बाजूला कोण बघतंय?"

"मी बघते ना. शाळेत माझ्या प्रत्येक फ्रॉकच्या आत ही निळी फुली असायची. मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या आईने तुला चूक म्हणून फुली मारलीय."

मग जाताना ती गंभीर झाली होती. "एक लक्षात ठेवा दोघी. कार्यक्रम सुरू झाला की हॉलची दारं बंद होतात. नंतर कुणालाही सोडत नाहीत, कुणाची आई असो. माझा फोन सकाळीच जमा होईल, मला फोन लागणार नाही. दोन खुर्च्या तुमच्या नावाने ठेवल्यात. मी रांगेतून बघेन."

मी रांगेतून बघेन. तेवढं वाक्य वहिनी सकाळपासून मनात घोळवत होती.

"आण इकडे," नणंद म्हणाली आणि तिने स्वतःचा फोन वहिनीच्या हातात दिला. "तुझा माझ्याजवळ राहू दे. सगळं यात आहे."

खरंच सगळं त्यात होतं. लोक प्रवासाला निघताना बॅगा भरतात. नणंदेने फोन भरला होता. एका ॲपमध्ये अख्ख्या शहराचा नकाशा उतरवून घेतलेला, म्हणजे नेट गेलं तरी तो चालावा. दुसऱ्यात ट्रामचं दिवसभराचं तिकीट. तिसरं ॲप तुमचा थांबा जवळ आला की फोन थरथरवायचं. चौथं मराठीत बोललेलं इथल्या भाषेत बोलून दाखवायचं, इथल्या भाषेतलं मराठीत लिहून दाखवायचं, आणि पाटीसमोर धरलं की पाटीवरची अक्षरं बदलून टाकायचं. हे शेवटचं वहिनीने काल साबणाच्या बाटलीवर करून पाहिलं होतं आणि ती शॅम्पूची निघाली होती.

"नकाशात नावं शोधत बसू नकोस, ती इथल्या लिपीत आहेत. मी माझ्या खुणा लावल्यात मराठीत. हे बघ. 'हॉटेल'. 'ट्रामचा थांबा'. 'लेकीचा हॉल'. 'औषधं'. खुणेवर बोट ठेवायचं, चालायचं म्हणायचं, रेघ येते. रेघेवरून चालायचं."

"बरं."

"नकाशा फिरवायचा नाही. उत्तर वर. मी तसा बांधून ठेवलाय."

नणंद जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढता काढता निवृत्त झाली होती. उत्तर वर नसलेला नकाशा म्हणजे तिला उलटा टांगलेला माणूस वाटायचा.

"आणि बोलायची वेळ आली तर लहान वाक्य बोल. थांब. मग दाखव. तू एकदा सुरू झालीस की पूर्णविराम कुठे आहे ते दादालासुद्धा अजून सापडलेलं नाही. फोनला कुठून सापडेल?"

वहिनीने शून्य दाबलं.

बाहेर थंडी होती आणि रस्ता नुकताच धुतल्यासारखा दिसत होता. रेघ निळी होती. वहिनी रेघेकडे आणि रस्त्याकडे आळीपाळीने पाहत चालली. पहिल्याच वळणावर घोटाळा झाला. ती उजवीकडे वळली, नकाशातला ठिपका डावीकडे निघाला. ती थांबली. मग तिने आजूबाजूला पाहिलं, जणू नणंद एखाद्या खिडकीतून बघत असेल, आणि कापड फिरवावं तसा फोनच हातात फिरवला. उत्तर कुठल्या कुठे गेली. पण आता समोरचा रस्ता नकाशातही समोर आला. आयुष्यभर तिने नमुना कापडाकडे आणि कापड नमुन्याकडे वळवलं होतं. त्यात काय एवढं.

ट्रामच्या थांब्यावर तिने तिकीट उघडून धरलं. ट्राममध्ये यंत्रासमोर फोन धरल्यावर त्याने हिरवा दिवा दाखवला तेव्हा तिला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. खिडकीबाहेर दुकानं उघडत होती. एक माणूस काच पुसत होता आणि दर वेळी मागे सरून स्वतःचंच काम बघत होता. वहिनीला तो आवडला. फोन थरथरला, ती उतरली, आणि उतरल्यावर थांब्याच्या पाटीवरची अक्षरं कागदावर नणंदेने काढून दिलेल्या अक्षरांशी ताडून पाहिली. सारखीच होती. शेवटच्या अक्षराची शेपटीसुद्धा.

आता तिची चालच बदलली. नवऱ्याला सांगायचं वाक्यही मनात तयार झालं. 'काही नाही हो, ट्रामने गेले.' असं, सहज.

रेघ एका रुंद रस्त्यावरून आत वळली, मग एका गल्लीत शिरली. डाव्या हाताला उंच दगडी भिंत लागली. गल्लीत कचऱ्याचे डबे होते, सायकली होत्या, आणि टोकाला बांधकामाचे पत्रे लावून रस्ता बंद केलेला होता. माणूस एकही नाही. पत्र्यांच्या अलीकडे निळी रेघ संपली. तिथून पुढे बारीक ठिपके सुरू झाले. ठिपके सरळ भिंतीतून आत गेले होते आणि आत, भिंतीच्या पलीकडे कुठेतरी, 'लेकीचा हॉल' असं लिहिलेली खूण ऐटीत उभी होती.

वहिनीने नणंदेला फोन लावला.

"वन्सं, इथे भिंत आहे."

"भिंत कशी असेल? निळा ठिपका कुठे आहे?"

"भिंतीच्या बाहेर."

"आणि खूण?"

"भिंतीच्या आत. मधे ठिपक्यांची रेघ आहे, ती भिंतीतून गेलीये. मी पण तशीच जाऊ का?"

पलीकडे खुर्ची करकरली.

"वहिनी, खूण इमारतीच्या मधोमध आहे का गं?"

"अगदी मधोमध. मोजून लावल्यासारखी."

"मोजूनच लावली," नणंद म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "कचेरीत जमिनीच्या गटाचा नंबर गटाच्या मधोमध लिहायचा, अशी शिस्त होती. बांधावर लिहिला तर हा कुणाचा, असं भांडण लागतं. माझा हात तिथेच गेला. त्या फोनमधल्या बयेला मधे जायचं म्हणजे कुठून जायचं ते काय माहीत? तिने जवळचा रस्ता पकडला. मागचा. पुढे मोठं पटांगण आहे, म्हणून मध्य मागच्या बाजूला जवळ पडला. वहिनी, दार पुढे आहे गं. तुला पूर्ण वळसा घालावा लागेल."

वहिनीने नकाशावर बोट फिरवून वळसा पाहिला. इमारत कसली, अख्खी पेठ होती. विद्यापीठाच्या मनोऱ्यातलं घड्याळ भिंतीवरून दिसत होतं. अक्षरं वाचता येत नसली तरी काटे सगळीकडे सारखेच असतात.

"नाही जमणार," ती म्हणाली.

"माझ्यामुळे झालं. एवढी वर्षं नकाशे काढले, आणि पोरीच्या या दिवशी..." अख्ख्या सासरात जिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं ती बाई फोनवर मुसमुसत होती.

गंमत अशी की त्यामुळे वहिनीचं रडू जिथल्या तिथे थांबलं. दोघींनी एकदम रडून कसं चालेल?

"वन्सं, रडू नका. फोन ठेवा बघू. बॅटरी खातो तो."

फोन ठेवल्यावर ती वळली. पळत सुटायचंच तिने ठरवलं होतं, तेवढ्यात ओळखीचा वास आला. गरम कापडाचा, वाफेच्या इस्त्रीचा वास. तो भिंतीतल्या एका दारातून येत होता. दार पायऱ्यांखाली, अर्धं जमिनीत होतं, म्हणून आधी दिसलं नव्हतं. शेजारच्या खिडकीतून आतली खोली दिसत होती. दांड्यांवर रिकामे हँगर, एका टेबलावर काळे झगे, आणि टेबलाशी एक जाड चष्म्याची बाई, ओठांत टाचण्या धरून. वहिनीचा नवरा रोज ओरडायचा की एक दिवस तू टाचणी गिळशील. इथे त्याच जातीची दुसरी सापडली होती.

वहिनीने दार वाजवलं.

झगेवालीने दार उघडलं आणि काहीतरी विचारलं. वहिनीने फोन तोंडाशी धरला आणि सुरू झाली. की मी लांबून आलेय, माझ्या मुलीला आज पदवी मिळायचीये, माझी नणंद पण यायची होती पण काल तिचा पाय मुरगळला, ती नकाशे काढायची ना, तर तिने खूण मधोमध लावली आणि आता ही भिंत... फोनने ते सगळं गिळलं, थोडा विचार केला आणि एका गोड आवाजात बरंच काही बोलून टाकलं. त्यातून काय निघालं कोण जाणे. झगेवालीने अतिशय दयेने तिच्याकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

लहान वाक्य. थांब. मग दाखव.

"माझी मुलगी आत आहे," वहिनी म्हणाली. थांबली. दाखवलं.

झगेवालीने मान हलवली.

"आज तिला पदवी मिळणार." थांबली. "मी चुकून मागे आले." थांबली. "दार बंद होईल. मला आत जायचं आहे."

झगेवालीने ओठांतल्या टाचण्या काढल्या आणि फोनशी बोलली. पडद्यावर मराठी उमटलं: *महोदया, आतून मार्ग आहे. परंतु मी हे वस्त्र सोडून येऊ शकत नाही. हे गृहस्थ गेल्याशिवाय समारंभ सुरू होणार नाही.*

गृहस्थ आतल्या दाराशी उभे होते. पांढरी दाढी, नुसता शर्ट, आणि घड्याळाकडे बघणारे डोळे. त्यांचा झगा टेबलावर पडला होता. जाड काळं कापड, आत लाल अस्तर. खांद्याची शिवण उसवली होती ती पार बाहीच्या घेरापर्यंत. कुठल्याशा दाराच्या कडीत अडकला असणार. झगेवाली बाहीकडून टाके घालत आली होती आणि अजून अख्खा खांदा उघडा होता. कुणीतरी आत डोकावून काहीतरी ओरडून गेलं. झगेवालीने घाईने टाका ओढला आणि दोरा सुईतून निसटला.

"मी कपडे शिवते," वहिनीने फोनला सांगितलं. पण फोन बोलेपर्यंत ती थांबलीच नाही. तिच्या स्वेटरच्या कॉलरमागे दोरा ओवलेली सुई असायचीच, जशी दुसऱ्या बायकांच्या केसांत पिन असते. तिने खांद्याचं टोक उचललं, दोन्ही कडा जुळवल्या आणि टाका घातला. झगेवालीने एकदा तिच्या बोटांकडे पाहिलं, मग सुईत दोरा ओवला आणि आपल्या बाजूने पुढे निघाली. एक बाहीकडून, एक मानेकडून. फोन टेबलावर गप्प पडून होता. त्याचं आता काम नव्हतं. एकदा झगेवालीने अस्तर बोटाने दाबून धरलं, वहिनीने मान हलवली, आणि अस्तर वगळून वरचंच कापड घ्यायचं, हे ठरलं. दोघींच्या सुया खांद्याच्या मधे भेटल्या. झगेवालीने आपला दोरा तोडला. वहिनीने आपला फुली घालून संपवला.

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. दोरा गणवेशाचा होता. काळ्या झग्यावर, बरोब्बर खांद्यावर, निळे टाके आणि निळी फुली.

तिने जीभ चावली. झगेवालीने निळ्या टाक्यांकडे पाहिलं, खांदे उडवले आणि झगा गृहस्थांच्या अंगावर चढवला. गृहस्थांनी वहिनीसमोर किंचित वाकून काहीतरी म्हटलं. त्याचं भाषांतर करून घ्यायला कुणाला वेळ नव्हता. वहिनीने फोन पर्समध्ये टाकला, तोवर झगेवालीने तिचा हात धरला होता.

गृहस्थ पुढे, या दोघी मागे. लांब बोळ, एक जिना, पुन्हा एक बोळ. एका दारवानाने हात आडवा केला. झगेवालीने त्याला जे सुनावलं ते कुठल्याही भाषेत कळलं असतं. त्याने हात काढला. आणि मग एकदम उंच छत, दिवे, वाद्यांचा आवाज. वहिनी व्यासपीठाच्या कडेला एका खांबाशी उभी होती. मागे हॉलची मोठी दारं बंद होत होती. ती आत होती.

तिला लेक लगेच दिसली. रांगेत, काळ्या झग्यात. लेकीला मात्र ती दिसली नाही. लेक पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे बघत होती, जिथे कडेच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. पुन्हा बघितलं. मग तिने मान सरळ केली आणि खालचा ओठ दातांखाली घेतला. लहानपणी सुई टोचली तरी रडायचं नाही म्हणून ती असंच करायची. वहिनीने हात हलवला. पण खांबाच्या सावलीत कोण बघणार? ओरडायचं तर वाद्यं थांबली होती, आणि हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

नावं पुकारली जाऊ लागली. लेकीचं नाव त्या लोकांनी भलतंच वाकवून उच्चारलं, तरी ते तिचंच होतं. ती व्यासपीठावर चढली. पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी पदवीची गुंडाळी तिच्या हातात दिली आणि काही बोलायला ते वाकले. लेकीने कान पुढे केला. तिची नजर त्यांच्या खांद्यावर पडली.

ती तिथेच थांबली.

रांगेतला पुढचा मुलगा पुढे येऊन खोळंबला. लेक खांद्याकडे बघत होती. मग तिने गृहस्थांच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा खांद्याकडे पाहिलं. गृहस्थ हसले आणि त्यांनी अंगठ्याने हळूच मागे, खांबाकडे खूण केली. लेकीने मान वर केली. डोळे दिव्यांमुळे बारीक केले, आणि तिला आई दिसली. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात अजून सुई.

इतकी वर्षं काचेच्या बशीत डोळे घालून बसणारी, मोजूनमापून बोलणारी ती मुलगी व्यासपीठावरून मोठ्याने, शुद्ध मराठीत म्हणाली, "आई, तू तिथे काय करतेयस?"

हॉलमध्ये कुणालाही शब्द कळले नाहीत. हसले मात्र सगळे.

नंतर पटांगणात उन्हात दोघी उभ्या होत्या. फोन परत मिळताच लेकीने आत्याला व्हिडिओ कॉल लावला. आत्याचे डोळे सुजले होते, घोट्याइतकेच.

"आत्या, आई झगे शिवत होती!"

"मग काय रिकामी बसू?" वहिनी म्हणाली. "वन्सं, ऐका. पोरीने मला बघितलं. टाळ्या पण वाजल्या. खुर्चीत बसले असते तर एवढ्या जवळून दिसलं नसतं."

"खरं सांगतेस की माझं मन राखतेस?"

"तुमचं मन राखायला मला कधी वेळ मिळालाय?"

आत्या हसली. मग नाक पुसून, कचेरीच्या आवाजात म्हणाली, "वहिनी, आधी ती खूण काढ आणि दारावर लाव. आत्ता लाव. विसरशील."

वहिनीने खुणेवर बोट दाबून धरलं आणि ती सरकवत नेली. पुढच्या मोठ्या दारावर नव्हे. इमारतीच्या पाठीमागे, पायऱ्यांखालच्या त्या अर्ध्या दारावर. झगेवालीला उद्या आपल्याकडची निळ्या दोऱ्याची रीळ नेऊन द्यायची, हे तिने टाके घालतानाच ठरवलं होतं.

लेकीने पदवी बगलेत धरून स्वतःचा फोन काढला. "चल आई, मी रस्ता लावते."

"राहू दे. मी नेते." वहिनीने नणंदेचा फोन हातात घेतला, समोरचा रस्ता समोर येईपर्यंत तो फिरवला आणि चालू लागली. "वाटेत औषधांचं दुकान आहे, वन्संना पट्टी घ्यायचीये. तिथेही खूण मधोमधच लावली असणार त्यांनी. दार आपण शोधू."